परतीची पपनसं

स्यू-कुमनं सकाळीच दोन पपनसं लाल दोऱ्यात बांधून दाराशी ठेवली होती. जवळच्या टांबुन गावची, देठाला हिरवं पान राखलेली, हातात घेतली की जड लागणारी. ती निवडताना तिनं बाजारात फळवाल्याचा असा काही अंत पाहिला की शेवटी तो म्हणाला, मावशी, तुम्हीच बसा इथं, मी घरी जातो. बसलीही असती ती. जावई येणार होता, आणि जावयाच्या हातात द्यायचं फळ सोलल्यावर कोरडं निघालं तर सासूची काय शोभा राहते?

पौर्णिमेचा सण अजून लांब होता. पण मलेशियातल्या इपोह शहराच्या त्या गल्लीत सण आकाशातल्या चंद्रानं सुरू होत नाही, जावयांच्या गाड्यांनी सुरू होतो. कुणाचा जावई आधी आला, कुणाच्या जावयानं कोणत्या हॉटेलचे मूनकेक, म्हणजे सणाचे सारण भरलेले केक, आणले, डबा पुठ्ठ्याचा की पत्र्याचा, सगळं सगळ्यांना पाठ. शेजारच्या याप काकूंनी तर जावयानं आणलेले रिकामे डबे खिडकीत रचून ठेवले होते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. त्यात सुयादोरे असायचे, पण तोंड रस्त्याकडे.

जावयानं चार डबे आणायचे आणि सासूनं त्यातले दोन परत त्याच्याच हातात द्यायचे, सोबत पपनसं, ही रीत. स्यू-कुम ती डोळ्यांत तेल घालून पाळायची. तिला मुलगा नव्हता. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली होती. एक मुलगी, पुई-मुन, लाडानं आ-मुन, आणि तिचा नवरा हेंग. क्वालालंपूरला लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत साहेब होता, पण सासूच्या घरी आला की बाह्या सरसावून मोरीतला तुंबलेला पाइप साफ करायचा. याप काकूंच्या जावयानं कधी स्वतःचा कपसुद्धा उचलला नव्हता, आणि हे स्यू-कुम त्यांना अधूनमधून ऐकवायची.

गेल्या वर्षी सणाच्या आधी पुई-मुन नोकरीसाठी मेलबर्नला गेली. तिथून तिनं फोनवर सांगितलं की मा, माझं आणि हेंगचं संपलं, कागदही झाले. भांडण नाही, तंटा नाही, त्याची काही चूक नाही, फक्त मला आता तिथं राहायचं नाही. स्यू-कुमनं ते ऐकलं आणि विचारलं, तिकडे थंडी आहे का? त्यानंतर मायलेकी हवापाण्यापलीकडे बोलल्या नाहीत. मुलगी त्या विषयाकडे वळली की आईच्या चुलीवर काहीतरी करपायला लागायचं.

कागद काय, कचेरीतले लोक करतात, असं स्यू-कुमनं मनाशी ठरवून टाकलं होतं. जावई सणाचे डबे घेऊन दारात उभा राहतोय तोवर तो जावई आहे. आणि तो गेल्या वर्षी आला होता! एकटा आला, पण चार डबे घेऊन आला, आणि तिनं दिलेले दोन डबे आणि पपनसं घेऊन गेला. गल्लीला तिनं सांगितलं, आ-मुनला परदेशात मोठी जागा मिळाली आहे, सुट्टी कुठली. याप काकूंनी मान डोलावली. तेव्हापासून त्या टोमणे मारायच्या थांबल्या होत्या. स्यू-कुमला वाटलं, अखेर आपण जिंकलो.

या वर्षी तर हेंगचा फोन आधीच आला. टेकडीजवळच्या मोठ्या हॉटेलच्या चिनी रेस्टॉरंटमध्ये मूनकेक चाखायला बोलावतात, जुन्या चवीचे आणि नव्या चवीचे, मग आवडतील ते घ्यायचे. तुम्ही चला मा, तुमच्या जिभेवर माझा भरवसा आहे, असं म्हणाला. फोन ठेवल्यावर तिला घरात चैन पडेना. माणूस उगाच सासूला हॉटेलात नेत नाही. दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं असणार, आ-मुन सणाला येणार असणार, आणि हे तो समोर बसून सांगणार. तिनं जेडचं कडं साबण लावून हातात चढवलं, निळा ब्लाउज घातला, आणि कुंपणापाशी उभं राहून याप काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की उशीर होतोय, जावई हॉटेलात जेवायला नेतोय.

जेवण नव्हतंच. पांढऱ्याशुभ्र टेबलावर पु-एर चहाची किटली आली आणि मागोमाग एक लांबलचक थाळी. एकेका मूनकेकच्या लहान फोडी केलेल्या, प्रत्येकीत एक टोचणी खुपसलेली. वाढणारी मुलगी गोड आवाजात नावं सांगत गेली. स्यू-कुमनं तिला निम्म्यातच थांबवलं आणि म्हणाली, नावं राहू दे पोरी, तोंडात घातल्यावर कळेल काय आहे ते.

आधी तिनं नवे घेतले, जुन्या चवीसाठी जीभ राखून ठेवायला. कोळशाच्या पुडीनं काळी केलेली साल, वर सोनेरी भुकटी. तिनं ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, चुलीत पडली होती का रे ही? दुसऱ्यात कस्टर्ड होतं, चावल्यावर ते हनुवटीवर ओघळलं. गळू फुटलं, असं ती म्हणाली, आणि हेंगला इतकं हसू आलं की शेजारच्या टेबलावरच्या बायका वळून पाहायला लागल्या. तिसरा गार, पांढऱ्या मऊ सालीचा, आत दुरियन फळाचा गर. तो मात्र तिनं दोनदा खाल्ला. वाईट नाही, पण हा मूनकेक नव्हे, हे आइस्क्रीम, आणि देवापुढं ठेवला तर पूजा होईतो त्याचं पाणी होईल, असा तिनं निकाल दिला. कॉफीचा होता, चीजचा होता. चीजची फोड तिनं नुसती बशीच्या कडेला सारली.

हेंग हसत होता आणि मध्येमध्ये फोनवर काहीतरी टिपून घेत होता. पोरगा वाळला आहे, असं तिला वाटलं. शर्टाची कॉलर मात्र कडक इस्त्रीची. कोण करतं इस्त्री, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिनं तो चहाबरोबर गिळला.

मग जुने. कमळबियांचं सारण, आत खारवलेल्या अंड्याचे दोन बलक. तिनं फोड उजेडात धरली. कड तुकतुकीत होती, बलक भगवा, तेल सुटलेला. हॉटेलवाले सगळ्यांना चालावं म्हणून डुकराची चरबी घालत नाहीत, तेल घालतात, त्यामुळे तिचं तोंड खुसपट काढायला तयारच होतं. पण सारण जिभेवर ठेवलं आणि ते न चावता विरलं. तिला नवरा आठवला. तो बलक काढून तिच्या बशीत टाकायचा आणि म्हणायचा, मला नाही आवडत. तो गेल्यावर त्याच्या भावानं सांगितलं की लहानपणी बलकासाठी तो मारामाऱ्या करायचा.

"हा," ती म्हणाली. "बाकी सगळं पोरखेळ. हाच घे."

हेंगनं मान हलवली, पण टिपलं नाही. त्यानं विचारलं की साखर असलेल्या माणसाला हा चालेल का. तिला बरं वाटलं. साखरबिखर काही नव्हती तिला, पण वय झालं आहे हे कुणीतरी मनात धरलं होतं. मला धाड भरली नाहीये, ती म्हणाली. मग त्यानं विचारलं की दात नसतील तर पाच दाण्यांच्या सारणाचा मूनकेक जड जातो का. स्यू-कुमनं आपले सगळे दात त्याला दाखवले. तो हसला, पण या वेळी ओठांनीच.

शेवटी त्यानं थाळीच्या टोकाची फोड तिच्याकडे सरकवली. पापुद्र्यापापुद्र्यांची गोल वळणाची साल, आत अळूच्या कंदाचं जांभळट सारण. तिओच्यू बोलीच्या चिनी लोकांचा मूनकेक. तिच्या घरी तो एकदाच आला होता आणि तिला तो आवडत नाही हे हेंगला चांगलं ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं चुकून तोच आणला होता.

"हा कसा आहे, सांगा ना मा," तो म्हणाला. "तिची आई तिओच्यू आहे. त्यांना हाच बरा वाटेल, की कमळाचा?"

"कुणाची आई?"

किटलीचं झाकण वाजलं. वाढणारी मुलगी चहात गरम पाणी घालत होती. ती जाईपर्यंत हेंग टेबलाच्या कापडाकडे पाहत राहिला. मग त्यानं सांगितलं. शू-एन तिचं नाव. त्याच्याच कंपनीत हिशेब बघते. वर्षअखेरीला लग्न. यंदा पहिल्यांदा त्यांच्या घरी सणाचं पाठवायचं आहे, आणि म्हातारीच्या तोंडात कवळी, अंगात साखर, स्वभाव कडक.

"माझी आई असती तर तिला विचारलं असतं," तो म्हणाला. "मला तुमच्याशिवाय कोण आहे, मा?"

आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला. तिथंच तर सगळी आग होती. दुष्टपणानं म्हणाला असता तर तिनं किटली उचलून त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर ओतली असती, आणि घरी जाऊन याप काकूंना सांगितलंही असतं. पण याला कुठं मारायचं? सोडून गेली ती तिची मुलगी. हा बिचारा वर्षभर एकटा राहिला, एकटा सणाला आला, पाइप साफ करून गेला. त्याला कुणी मिळू नये असं म्हणायचा तिला अधिकार नव्हता, आणि तिचं मन तेच म्हणत होतं, पुन्हा पुन्हा, मोठ्यानं.

"आ-मुनला माहीत आहे?" तिनं विचारलं.

"हो. तिनंच आधी अभिनंदन कळवलं."

म्हणजे मेलबर्नलाही ठाऊक होतं. एकटी तीच जेडचं कडं चढवून इथं आली होती.

तिनं चहा घेतला. चहा कडू झाला होता. मग ती म्हणाली, पाच दाण्यांचा पाठव. बदाम, अक्रोड, कलिंगडाच्या बिया, जुन्या माणसांना तोच मानाचा वाटतो. हेंगनं लगेच टिपून घेतलं. डोळ्यांसमोर तिला ती न पाहिलेली म्हातारी दिसली, कवळीखाली बी अडकलेली, सगळ्या घरादारासमोर तोंडात बोट घालणारी, आणि नव्या जावयाकडे बघणारी. क्षणभर तिला गार वाटलं.

पण ते टिकेना. सासूला काय द्यावं हे जावयाला शिकवताना खोटं बोलायचं, इतकं तिचं तोंड अजून विटाळलं नव्हतं. त्या पोराला सणाचं कसं न्यायचं हे तिनंच शिकवलं होतं. पहिल्या वर्षी तो तीन डबे घेऊन आला, सणाला न चालणारा विषम आकडा, आणि तिनं हूं की चूं न करता कोपऱ्यावरच्या दुकानातून चौथा आणून टेबलावर मांडला, गल्लीनं मोजू नये म्हणून.

"खोड ते," ती म्हणाली. "अळूचा पाठव. कमी साखरेचा मिळतो का विचार. आणि चार ने. तीन नको."

"तीन!" हेंगला आठवलं आणि त्याचा चेहरा उजळला. मग त्यानं आणखी एक विचारलं, आणि ते विचारताना तो अगदी पहिल्या वर्षीचा दिसला. त्या बाई पण तुमच्यासारखे निम्मे डबे परत देतील का? तेव्हा घ्यायचे की नको म्हणायचं? मला तर इतकी वर्षं वाटायचं, तुम्हाला गोड फार आवडत नाही म्हणून देता.

स्यू-कुमनं त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं. ही सांगायची गोष्ट असते असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"निम्मं परत देते ती सासू म्हणते, घरी घेऊन जा, आणि पुन्हा ये," ती म्हणाली. "सगळं ठेवून घेतलं, तर म्हणते पोचलं. आता येऊ नकोस. तिनं दिलं तर दोन्ही हातांनी घे."

हेंग उठून गल्ल्यापाशी गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीतले डबे अळूचे. दुसरी त्यानं तिच्यापुढे ठेवली, लाल पत्र्याचे चार डबे, कमळबिया आणि दोन बलक.

"हे तुमचे. दर वर्षी आणीन मी," तो म्हणाला. "आपल्यात काही बदलत नाही, मा."

गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. त्यानं एसी कमी करू का विचारलं, तेव्हा हो म्हणाली. चुनखडीचे डोंगर मागे गेले, देवळापुढे कंदिलांच्या माळा टांगायला सुरुवात झाली होती. मागच्या सीटवर दोन्ही पिशव्या एकमेकींना लागून बसल्या होत्या, आणि वळणावर त्यांचे डबे एकमेकांवर आपटत होते.

घरी त्यानं नेहमीसारखे बूट दारात काढले. लाल डबे आत आणून सासऱ्याच्या फोटोपुढं ठेवले, उदबत्ती लावली, तीनदा वाकला. मग पँटला हात पुसून तो मधल्या खोलीत उभा राहिला. दर वर्षी इथंच उभा राहायचा. तो नको नको म्हणायचा, ती घे घे म्हणायची, दोघं दारापर्यंत पिशवीची ओढाओढ करत जायची, आणि याप काकू पडद्याआडून बघायच्या.

स्यू-कुमनं पहिला डबा उचलला आणि कपाटात ठेवला. मग दुसरा. तिसरा उचलताना तिचा हात थांबला. खोटं कशाला सांगायचं, थांबला. त्या पोराची मान किंचित पुढं आली होती. त्याला सगळं कळत होतं आता, तिनंच नुकतं शिकवलं होतं. तिला वाटलं, दोन डबे दिले तर काय बिघडतं? पुढच्या वर्षी येईल. त्या शू-एनला घेऊन येईल. ती बाई आपल्याला मा म्हणेल, आपल्या मोरीपाशी उभी राहील, आणि आपण तिच्या पोटाकडे बघून पोर कधी म्हणून विचारू, आणि गल्लीत सांगू की हा आमचा जावई आणि ही आमच्या जावयाची बायको.

तिनं तिसरा ठेवला. चौथाही ठेवला. कपाटाचं दार लावलं.

"मा," हेंग म्हणाला.

"नीघ आता. रस्त्याला गर्दी होईल."

तो दारात बूट घालायला वाकला. पपनसं तिथंच होती, त्याच्या गुडघ्याला लागत होती, हिरवं पान अजून ताजं होतं. त्यानं एका पपनसावर हात ठेवला. चांगली आहेत, असं काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, हो, घरात खायला आणली. मग तो उठला, आणि निघताना मागे वळून त्यानं दोन्ही हात जोडून तिला वाकून नमस्कार केला, सासऱ्याच्या फोटोला केला होता तसा. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाशी पोचेपर्यंत ती उंबऱ्यात उभी होती.

बरं केलं, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. ते जमलं नाही. जिभेवर अजून कमळाच्या सारणाची चव होती. चांगला होता मूनकेक. तिला त्या हॉटेलचा, त्या थाळीचा, आपल्या जिभेचा राग राग आला.

कुंपणापलीकडून याप काकूंनी हाक मारली. काय आणलं जावयानं, म्हणाल्या, आणि दारातल्या पपनसांकडे त्यांची नजर गेली. लाल दोरा तसाच. स्यू-कुमनं मान ताठ केली आणि टोमण्याची वाट पाहिली. टोमणा आला असता तर किती बरं झालं असतं. तिच्याकडे उत्तरं तयार होती.

याप काकू कुंपणाजवळ आल्या. त्यांनी आवाज खाली आणला. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांनी स्यू-कुमशी असा आवाज कधी काढला नव्हता.

"ठेवून घेतलंस ना सगळं? बरं केलंस," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी तू त्याला पिशवी देत होतीस ना, तेव्हा आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं गं, बघवेना. कसं सांगायचं तुला, तेच कळत नव्हतं."

स्यू-कुमनं वाकून पपनसं उचलली, एक एका काखेत आणि एक दुसरीत, आणि आत जाऊन दार लावलं.